बारा फोटो आणि एक शिडी

वाचनालयाच्या जिन्यात भाऊसाहेब थांबले ते दम लागला म्हणून. घरी मात्र ते तसं सांगत नाहीत. घरी ते सांगतात की आतून कुणीतरी हाक मारल्यासारखं झालं. खरी गोष्ट अशी की वर्तमानपत्रं दुसऱ्या मजल्यावर, त्यातलं शब्दकोडं दुसऱ्या कुणी सोडवायच्या आत गाठायचं, आणि गुडघे त्रेसष्ट वर्षांचे. त्यामुळे मधल्या वळणावर थांबणं हा रोजचाच कार्यक्रम होता. त्या दिवशी थांबले आणि समोर पाहतात तर टाचण्यांनी लावलेले बारा फोटो. घड्याळाचा मनोरा, जुना पूल, पोस्टाची इमारत, धान्यबाजार, शाळेची गल्ली. पत्त्यांएवढे, पिवळे पडलेले, अगदी तस्से जसे घरी कपाटाच्या तळाशी पत्र्याच्या डब्यात होते. आणि सगळ्यांच्या खाली एकच चिठ्ठी: 'शहराची जुनी दृश्ये. छायाचित्रकार: अज्ञात.'

अज्ञात! भाऊसाहेबांचे सख्खे आजोबा, आणि अज्ञात! शब्दकोडं तिथेच राहिलं. भाऊसाहेब आले तसे खाली उतरले आणि ग्रंथपालबाईंच्या टेबलासमोर जाऊन उभे राहिले.

"ते फोटो आमच्या आजोबांनी काढलेले आहेत."

"कशावरून?" बाईंनी मान वर न करता विचारलं. त्या पुस्तकांवर शिक्के मारत होत्या.

"आमच्या घरी तेच बाराच्या बारा आहेत. डब्यात."

"माझ्या घरी शब्दकोशाचे चार खंड आहेत," बाई म्हणाल्या आणि शिक्का मारला. "ते मी लिहिलेले नाहीत."

भाऊसाहेबांनी विमा कंपनीच्या तक्रार विभागात चौतीस वर्षं काढली होती. तिथे 'आपल्या पत्राचा योग्य तो विचार करण्यात येत आहे' या एका वाक्यावर त्यांनी तीन साहेब आणि एक संप निभावून नेला होता. अशा माणसाला कुणी तोंडावर पुरावा मागितला की तो आतल्या आत चरफडतो. पण बाई काही वाईट नव्हत्या. त्यांनी समजावून सांगितलं. फोटो एका बंद पडलेल्या स्टुडिओच्या अडगळीत मिळालेले. महिन्याभरात ते मोठे करून वरच्या दालनात कायमचे लागणार. खाली पितळी पाट्या बसणार. पितळेवर एकदा कोरलं की कोरलं, मग पुढची शंभर वर्षं अज्ञात ते अज्ञातच.

"तुमचे आजोबा होते ना? मग ते कुठे उभं राहून फोटो काढायचे हे तरी घरच्यांना माहीत असेल. त्या बारा जागा शोधा, तिथून आजचे फोटो काढून आणा. जुळले तर मी तुमची बाजू समितीपुढे मांडते."

"त्यात काय एवढं," भाऊसाहेब म्हणाले. माणूस आयुष्यात ज्या कशाबद्दल पस्तावतो त्याची सुरुवात बहुधा याच तीन शब्दांनी होते.

निघताना त्यांनी आणखी एक वाक्य टाकलं. "आमचे आजोबा नगरपालिकेत होते. दिवाबत्ती खात्याचे प्रमुख." हे त्यांना त्यांच्या वडिलांनी सांगितलेलं. वडील वारून पंधरा वर्षं झाली होती. पण सोसायटीत वीज गेली आणि सगळे जिन्यात जमले की भाऊसाहेब हमखास तो विषय काढत. आमच्या आजोबांच्या वेळी असं होत नव्हतं, म्हणत. सोसायटीचे सेक्रेटरी गेली वीस वर्षं हे ऐकत आले होते, आणि नेमके तेच वाचनालयाच्या समितीवर होते.

घरी बातमी फुटायला वेळ लागला नाही. बायको म्हणाली, "गुडघ्याला तेल लावून जा." वरच्या मजल्यावरचे इंजिनियर मात्र दहा मिनिटांत टेप, होकायंत्र आणि कानावर पेन्सिल अशा तयारीने खाली आले. त्यांनी हयातभर पूल बांधले होते आणि निवृत्तीनंतर मोजायला काहीच उरलं नव्हतं म्हणून त्यांची बायको हैराण होती. मागच्या खोलीत खाटेवर आत्या होती, वय शहाऐंशी. म्हणजे ज्यांनी फोटो काढले त्यांची मुलगी. ती हे सगळं ऐकत होती आणि काही बोलत नव्हती. तिला कुणी विचारलंही नाही. एवढी मोठी मोहीम निघालेली असताना म्हाताऱ्या माणसांना कोण विचारतं?

दुसऱ्या दिवशी मोहीम धान्यबाजारात पोचली. भाऊसाहेबांच्या एका हातात जुना फोटो, दुसऱ्या हातात मोबाइल. इंजिनियर रस्त्यावर टेप लावून मोठ्याने आकडे सांगताहेत. भाऊसाहेब पाठ रस्त्याकडे करून मागे सरकत होते, कारण जुन्या फोटोत जास्त दुकानं दिसत होती. सरकता सरकता ते एका फळवाल्याच्या गाड्यावर टेकले. आता दोन पोक्त माणसं, एकाच्या हातात टेप, दुसरा फोटो काढतोय, आणि दोघेही दुकानांकडे बघून माना हलवताहेत, हे बघितल्यावर बाजाराने जो निष्कर्ष काढायचा तो काढला. "अतिक्रमणवाले आले!" असं कुणीतरी ओरडलं. पाच मिनिटांत ताडपत्र्या गुंडाळल्या गेल्या, फलक आत गेले, पोती उचलली गेली, भाऊसाहेब टेकलेला गाडासुद्धा त्यांच्या पाठीमागून नाहीसा झाला आणि ते बसता बसता राहिले. ऐंशी वर्षांत तो रस्ता इतका मोकळा झाला नव्हता. जुन्या फोटोसारखाच दिसायला लागला.

"छान!" इंजिनियर म्हणाले. "कुठल्या खात्याने काम केलं कळत नाही, पण केलं."

पुढे सगळ्यांना कळलं की हे कुठल्याच खात्याचे नाहीत. मग जे काही ऐकून घ्यावं लागलं ते भाऊसाहेबांनी घरी सांगितलं नाही. तीन आठवडे ते बाजाराच्या मागच्या गल्लीने भाजी आणत होते.

बारा दिवसांत बारा जागा झाल्या. पुलावर एका बाईंनी त्यांना जीव द्यायला आलेले समजून दंडाला धरून ठेवलं, आणि धीर देता देता स्वतःच्या सुनेची सगळी कहाणी सांगितली. शाळेच्या गल्लीत रखवालदाराने मुख्याध्यापकांचं पत्र मागितलं. मुख्याध्यापकांनी पालक आहात का विचारलं. भाऊसाहेब खरं तेच बोलले की वडील याच शाळेत होते. 'मग त्यांना पाठवा,' असं उत्तर मिळालं. हे सगळं करून फोटो जुळवून बघितले तेव्हा एकही जुळेना. मनोरा तोच, पूल तोच, पण जुन्या फोटोत सगळं वरून दिसत होतं. दारांच्या चौकटींची वरची बाजू दिसत होती. रिकाम्या हातगाड्यांच्या फळ्या दिसत होत्या.

इंजिनियरांनी दोन रात्री कागद काळे केले आणि निकाल दिला. "कॅमेरा जमिनीपासून अकरा फुटांवर होता. बाराही ठिकाणी. अकरा म्हणजे अकरा."

"आजोबा उंच नव्हते," भाऊसाहेब म्हणाले.

"इतकं उंच कुणीच नसतं."

मग घराघरांतून सूचना आल्या. कुणी म्हणालं झाडावरून काढले असतील. पण बारा झाडं अकरा फुटांवर सारखी फुटत नाहीत. कुणी हत्ती म्हणालं. शेवटी सेक्रेटरींनीच तोडगा काढला. "एवढे मोठे अधिकारी. पाहणीला घोडागाडीतून जात असणार. गाडीची बैठक, वर उभा माणूस, झाले अकरा फूट." भाऊसाहेबांना हे इतकं पटलं की त्यांना गाडी दिसायलाच लागली. घोडे पांढरे होते. त्याच संध्याकाळी त्यांनी समितीला तीन पानी पत्र लिहिलं. 'माझे आजोबा, दिवाबत्ती खात्याचे प्रमुख, पहाटेच्या पाहणीच्या वेळी खात्याच्या घोडागाडीत उभे राहून' वगैरे. चौतीस वर्षांचा हात होता, पत्र देखणं उतरलं. त्यांनी ते बायकोला मोठ्याने वाचून दाखवलं आणि सकाळी सही-शिक्क्यानिशी देऊनही आले.

त्या दुपारी मागच्या खोलीतून हाक आली. "बाळ्या, इकडे ये."

त्रेसष्टाव्या वर्षी भाऊसाहेबांना बाळ्या म्हणणारं जगात आता एवढं एकच माणूस उरलं होतं.

"घोडागाडी कसली रे?" आत्या म्हणाली. "बाबांकडे शिडी होती."

"कसली शिडी?"

"दिवे लावायची. बाबा रस्त्यावरचे दिवे लावायचे. संध्याकाळी लावायचे, पहाटे विझवायचे. खांद्यावर शिडी, हातात रॉकेलचा डबा. खांबाला वरती एक आडवी दांडी असायची ना, शिडी टेकवायला? त्या दांडीला रुमालाने कॅमेरा बांधायचे, म्हणजे हलत नाही. पहाटेचा उजेड कमी, हात हलला की फोटो बिघडतो. पहाटेचे म्हणून तर फोटोत रस्त्यात माणूस नाही. सगळं गाव झोपलेलं."

भाऊसाहेब खाटेच्या कडेवर बसले. त्यांच्या डोळ्यांदेखत पांढरे घोडे एकेक करून निघून गेले.

"आणि कॅमेरा?"

"चौकातल्या स्टुडिओवाल्याचा जुना. त्याला पहाटे काम असायचं, म्हणून त्याच्या दारातला दिवा बाबा उशिरा विझवायचे. त्यानं कॅमेरा दिला, फोटोही तोच धुऊन द्यायचा."

"तू इतके दिवस बोलली का नाहीस, आत्या?"

"तुझ्या बापानं शपथ घातली होती. नोकरीला लागला तेव्हा. बाहेर सांगायचं नाही म्हणाला, दिवाबत्ती खात्यात होते एवढंच सांग. मी सांगितलं नाही. पण तिथं अज्ञात लिहितात म्हणतोस. शपथ घालणाराही गेला आता." तिने भाऊसाहेबांचा हात धरला. "बाबांना नाव आहे रे."

त्या रात्री भाऊसाहेब जेवले नाहीत. खोटं कशाला बोला, त्यांना वाईट वाटलं ते आजोबांबद्दल नव्हे, स्वतःबद्दल. वीस वर्षं जिन्यात अंधारात उभं राहून काय काय बोललो ते सगळं एकेक करून आठवलं. गप्प बसायचं म्हटलं तर प्रश्न मिटत होता. पत्र गेलेलंच होतं, घोडागाडी सगळ्यांना पसंत होती, समिती बहुधा मान्यही करेल. पण मग पितळेवर नाव चढणार ते गाडीत उभ्या असलेल्या कुणा साहेबाचं. खांद्यावर शिडी घेतलेल्या माणसाचं नाहीच.

सकाळी उठून ते ग्रंथपालबाईंकडे गेले आणि म्हणाले, "माझं पत्र चुकीचं आहे." चौतीस वर्षांत हे वाक्य त्यांनी लिहिलंही नव्हतं. बाईंनी या वेळी मात्र शिक्का खाली ठेवला आणि शिडीची सगळी हकीकत ऐकून घेतली. त्या उठून तळघरात गेल्या आणि धूळ झटकत नगरपालिकेचं एक जाडजूड जुनं रजिस्टर घेऊन आल्या. दिवाबत्ती खातं, नेमणुका. पान उलटत बोट एका ओळीवर थांबलं. आजोबांचं नाव. हुद्दा: दिवेवाला. खांब क्रमांक एक्केचाळीस ते शहात्तर. घड्याळाच्या मनोऱ्यापासून धान्यबाजार, पोस्ट, पूल, शाळेची गल्ली.

"आता खांबांवरून फोटो काढून आणा," बाई म्हणाल्या. त्यांच्या आवाजात पहिल्यांदाच घाई होती.

जुने खांब गेले होते, पण नवे बहुतेक त्याच जागी पुरलेले होते. रंगाऱ्याकडून शिडी मिळाली. अकरा खांबांवर इंजिनियर चढले, कारण भाऊसाहेबांना खुर्चीवर उभं राहून बल्ब बदलतानाही गरगरतं. फोटो असे जुळले की एकावर एक ठेवले तर खिडक्यांना खिडक्या बसल्या. आणि बाराव्याच्या आदल्या दिवशी इंजिनियरांची कंबर धरली.

बारावा फोटो सगळ्यांत कोड्यात टाकणारा होता. त्यात बघण्यासारखं काहीच नव्हतं. एक बोळ, एक बंद खिडकी. तरी आत्या हटून बसली की हा खांब मला बघायचाय. म्हणून सकाळी सहा वाजता त्या बोळात मंडळी जमली ती अशी: चाकाच्या खुर्चीत आत्या, शिडी धरायला बायको, कंबरेला पट्टा बांधून सल्ला द्यायला इंजिनियर, आणि पहिल्या पायरीवर एक पाय ठेवून भाऊसाहेब. तेवढ्यात हवालदार आले.

"परवाना?"

परवाना होता. भाऊसाहेब अर्ज न करता कधी शिंकतही नाहीत. हवालदारांनी तो दोनदा वाचला. "हा खोदकामाचा आहे."

घडलं होतं ते असं. नगरपालिकेच्या अर्जात मंडप, मिरवणूक, खोदकाम आणि इतर एवढे चारच प्रकार होते. 'इतर'ला मोठ्या साहेबांची सही लागते आणि मोठे साहेब रजेवर. खोदकाम आपल्याच सहीनं होतं, असं कारकून म्हणाला, आणि त्याने उपकार केल्याच्या थाटात खोदकामावर खूण केली.

"परवाना खाली जायचा आहे," हवालदार म्हणाले, "आणि तुम्ही वर चाललाय. मला चालणार नाही."

भाऊसाहेबांनी विनवण्या केल्या. हवालदार सज्जन होते, पण कागदाला धरून होते. शेवटी इंजिनियर कंबर सांभाळत कसेबसे वाकले, बायकोच्या पिशवीतला चमचा काढला आणि खांबाच्या बुडाशी वीतभर खड्डा केला. हवालदारांनी तो वाकून पाहिला, आत बोट घालून खोली बघितली.

"आता कसं," ते म्हणाले. "काम झाल्यावर बुजवा. वर चढायचं ते खोदकामाच्या देखरेखीसाठी, असं धरतो मी." आणि त्यांनी स्वतःच शिडीची दुसरी बाजू धरली.

सातव्या पायरीवर भाऊसाहेब थांबले. वरही जाता येईना आणि खालीही. बायको म्हणाली, "उतरा, मेलं जाऊ दे ते नाव." इंजिनियर म्हणाले, "अजून दोन फूट चार इंच." आत्या खुर्चीत मान वर करून बघत होती. लहानपणी तिने अशीच मान वर करून बघितलं असणार, हे भाऊसाहेबांच्या मनात आलं आणि ते डोळे मिटून उरलेल्या पायऱ्या चढले.

डोळे उघडले तेव्हा बोळ वेगळाच दिसत होता. पत्र्यांवर दव होतं. एका खिडकीत कुणीतरी दात घासत होतं. पलीकडे मनोऱ्याचं टोक दिसत होतं आणि त्याच्यावर नुकतं कुठे ऊन यायला लागलं होतं. आपण या गावात त्रेसष्ट वर्षं राहिलो आणि हे कधी पाहिलंच नाही, असं वाटून त्यांना भरून आलं. त्यांनी मोबाइल खांबाला टेकवला. ती खिडकी बरोबर मध्ये आली. आता तिथे शिंप्याचं दुकान होतं.

"आत्या," त्यांनी वरूनच विचारलं, "हा फोटो कशाचा गं?"

"आपल्या घराचा. हा शेवटचा खांब. हा विझवला की बाबा घरी. आम्ही आत झोपलेलो असायचो."

भाऊसाहेबांनी फोटो काढला. हवालदारांनी खड्डा स्वतः बुजवला.

समितीची बैठक बुधवारी झाली. रजिस्टर टेबलावर, फोटो जोडीने मांडलेले. शंका घ्यायला कुणाला जागाच नव्हती. सेक्रेटरी तेवढे भाऊसाहेबांकडे बघत नव्हते. त्यांनी चांगल्या मनाने घसा साफ केला. "नाव घालूच. खाली नुसतं 'नगरपालिका, दिवाबत्ती खाते' लिहू. तपशिलात कशाला जायचं? घराण्याच्या दृष्टीने तेच बरं दिसेल."

सगळे भाऊसाहेबांकडे बघायला लागले. वाट करून दिलेली होती, नुसतं हो म्हणायचं होतं. त्यांचे कान गरम झाले.

"दिवेवाला लिहा," ते म्हणाले. आवाज चिरकला म्हणून त्यांनी परत सांगितलं. "मी तुम्हाला वीस वर्षं खोटं सांगितलं. मलाही ते तसंच सांगितलं गेलं होतं, पण ते जाऊ दे. शिडीवर चढल्याशिवाय हे फोटो निघतच नाहीत. साहेबाला जमले नसते."

दालन उघडलं त्या दिवशी आत्याला चौघांनी खुर्चीसकट उचलून वर नेलं. फोटो दारांएवढे मोठे केले होते. ती पाट्यांपाशी गेली, पितळेवरच्या नावावरून तिने बोट फिरवलं, मग त्याखालच्या 'दिवेवाला'वरून फिरवलं, आणि पुढच्या फोटोकडे न्या म्हणाली. असं करत शाळेच्या गल्लीशी आली आणि तिथे तिने खुर्ची थांबवली.

"बाळ्या, चष्मा लाव. इथं बघ."

पत्त्यांएवढ्या फोटोत जो डाग वाटायचा तो आता दिसत होता. पलीकडच्या बाजूने, भिंतीला लागून, एक दहाएक वर्षांचा मुलगा चालला होता. खांद्याला दप्तर, मान मुद्दाम भिंतीकडे वळवलेली.

"हा तुझा बाप. सकाळची शाळा असायची, आणि थंडीत उजाडायला उशीर, म्हणून तेव्हाही बाबांचे दिवे विझवायचे राहिलेले असायचे. बाबा शिडीवर दिसले की हा रस्ता ओलांडून पलीकडून जायचा. बरोबरची मुलं असायची ना. बाबांना वरून सगळं दिसायचं. पण कधी एका शब्दानं बोलले नाहीत त्याला."

भाऊसाहेब फोटोच्या अगदी जवळ गेले. त्यांच्या बापाचं तोंड दिसत नव्हतं, कान तेवढा दिसत होता, तापलेला असावा असा.

"मग हा फोटो कशाला काढला त्यांनी?" त्यांनी विचारलं. "पोरगं तोंड फिरवून चाललंय."

"तोंड फिरवून कुठे," आत्या म्हणाली. "शाळेत चाललंय. बाबा कधी शाळेत गेले नव्हते."